गाईचं पान

आमच्या घरात किळस या गोष्टीची मिरास माझ्या एकट्याकडे होती. आई गोठा झाडताना गुणगुणायची. लता, माझी धाकटी बहीण, गाईच्या कानामागच्या गोचिड्या नखाने उपटून दगडावर टचकन फोडायची आणि रक्ताचा ठिपका केवढा पडला ते मला हाक मारून दाखवायची. मी दारातच नाकाला रुमाल लावून उभा. "आले सोवळे," लता म्हणायची. "दादा, तुला बायको कापडाचीच शिवून आनाय लागंल. घाम न येनारी." आई हसायची. मीही हसायचो, पण श्वास रोखून. शेण पडल्याचा पचकन आवाज, मुताची लांबलचक धार, दूध तापताना त्यात पडलेला एखादा भुरा केस, हे सगळं माझ्या घशाशी येऊन बसायचं. मी कामचुकार नव्हतो. पाणी भरायचो, पेंढा आणायचो, रेशनच्या रांगेत उभा राहायचो. फक्त त्या जनावराला हात लावायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणी मला त्याबद्दल रागावत नसे, हे आता जास्त टोचतं.

पेणला रामवाडीत, हायवेच्या आतल्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मूळ गाव खाडीच्या काठावर. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं आणि ती जमीन पुन्हा भाताला लायक झालीच नाही, तेव्हा वडील पेणला आले. येताना भांडी, भाताच्या गोण्या आणि एक गाय घेऊन आले. ती गाय पुढे म्हातारी होऊन गेली. तिची कालवड म्हणजे चांदी. कपाळावर पांढरा ठिपका, बाकी अंग भिजलेल्या मातीच्या रंगाचं. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्या मागे घरात त्यांची म्हणावी अशी वस्तू फारशी उरली नाही. सदरे मला आखूड करून झाले, चपला झिजल्या. चांदी तेवढी राहिली. आई धार काढताना तिच्याशी बोलायची, आणि बोलता बोलता तिचा सूर बदलून ते बोलणं वडिलांशी चालल्यासारखं व्हायचं. "बगितलंत ना, पोरगा आज पन अर्ध्या पोटी उठला." चांदी कान हलवायची. दूध आळीत दोन-चार घरी जायचं हे खरं, पण दुधासाठी आईने ती ठेवली नव्हती. ती मेली असती तर आईचं दुसऱ्यांदा कुंकू पुसल्यासारखं झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

गोठा स्वयंपाकघराला लागून, मध्ये फक्त फळ्यांची भिंत. फळ्यांच्या फटींतून गोठ्याचा उबट वास आमच्या ताटापर्यंत यायचा. तव्यावर तांदळाची भाकरी फुगलेली, शेजारी जवळ्याची चटणी किंवा वालाचं बिरडं, आणि पलीकडे चांदीचं रवंथ. खर्र खर्र, मग थांबणं, घशातून घास वर आल्याचा हलका गचका, पुन्हा खर्र खर्र. गिळलेलं पुन्हा तोंडात आणून चघळायचं ही कल्पनाच मला सहन होत नसे. मी भराभर गिळून उठायचो. ती सवय अजून आहे. बायको म्हणते, तुम्ही जेवत नाही, ताट उरकता.

बारावीनंतर मला रोह्याला एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून घेतलं. पेणहून एसटी, वडखळ, नागोठणे, पुढे रोहा. शिफ्ट संपवून निघालो की डब्याच्या पिशवीलाही कंपनीचा वास लागलेला असायचा, कुजलेल्या अंड्याचा आणि त्यावर काहीतरी गोडसर. एसटीत शेजारी बसलेला माणूस तोंड फिरवायचा. मला मात्र त्या वासाची कधी किळस आली नाही. तो पगाराचा वास होता, पॅन्ट-शर्टातल्या माणसाचा. आपण शेणातून बाहेर पडलो असं मला वाटायचं. आई माझे कपडे वेगळे भिजवायची आणि म्हणायची, "तुज्या कंपनीपेक्षा चांदीचा वास बरा. निदान तो कशाचा हाय ते तरी कळतं."

भाद्रपदातली अमावास्या होती, सर्वपित्री. ज्यांना आपल्या माणसाची तिथी साधत नाही ते त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. केळीच्या पानावर सगळा स्वयंपाक वाढायचा, एक पान कावळ्याला, एक गाईला. कावळे आळीत हवे तेवढे. गाय एकच, आमची. पूर्वी बऱ्याच घरांत जनावरं होती, पण गोठ्यांच्या खोल्या झाल्या, खोल्यांत भाडेकरू आले. त्यामुळे सगळ्या आळीचे पितर आमच्या दारात येऊन जेवायचे. नुसतं पान ठेवून जायचं चालत नसे. गाईने आपल्या डोळ्यांदेखत घास घेतला पाहिजे, मग घरची माणसं जेवायला बसणार. "मागाहून घालते" असं म्हणायची सोय नव्हती. कुणाच्या पितरांना थांबा कसं सांगायचं?

आणि आईला सांगायचंही नव्हतं. हे लिहिताना मला अजून अवघड वाटतं. वडील गेल्यापासून आईला हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं, लग्नात ती मांडवाच्या मागच्या बाजूला तांदूळ निवडत बसायची. वर्षातून एक दिवस असा होता की आळीतल्या सवाष्णी पदर सावरून तिच्या दारात उभ्या राहायच्या. "वहिनी, हाय का घरात?" म्हणून अदबीने विचारायच्या. त्या दिवशी आई खळ केलेलं पांढरट लुगडं नेसायची, गोठा धुऊन पुढे रांगोळीचं एक बोट ओढायची, आणि प्रत्येकीला म्हणायची, "पोचला हो. बघा कसा चाटून घेतला. काळजी नको." जणू पलीकडच्या गावाचं पोस्ट तिच्या हातात होतं.

त्या सकाळी मी रात्रपाळी करून आलो आणि आतल्या खोलीत आडवा झालो. झोप लागेना. बाहेर पावसाची भुरभुर, दारात बायकांची ये-जा. खिडकीतून गोठा दिसत होता. भातावर वरण, त्यावर अळूची भाजी, उडदाचे वडे, भोपळा, वाल, आणि सगळ्यावर ओतलेली तांदळाची खीर. पावसाचे थेंब पडून पानावर सगळं एक झालेलं. ओकारीत आणि त्यात फरक शोधावा लागला असता. बायका तोच गोळा उचलून चांदीच्या तोंडात घालत होत्या आणि चांदीची ती लांब, करड्या रंगाची जीभ मनगटापर्यंत वळसा घालून ते ओढून घेत होती. तिच्या नाकपुडीला खिरीतली शितं चिकटली होती, ती तिने जिभेने नाकातून काढून खाल्ली. मी कुशीवर वळलो. मला तिची, त्या बायकांची, सगळ्याच भक्तिभावाची शिसारी आली. एक जनावर देवाचं म्हणून त्याच्या तोंडात उकिरडा ओतायचा आणि वर हात जोडायचे.

दुपारी सगळं निवलं. आम्ही जेवलो. आई भांडी घासत होती, मी भिंतीला टेकून बसलो होतो. एकदम आई थांबली. हातातला राखेचा चोथा तसाच.

"चांदी रवंथ नाय करीत," ती म्हणाली.

"पोट भरलं असेल तिचं," मी म्हणालो.

"पोट भरलं की रवंथ करतात, रिकाम्या पोटी नाय." ती उठून गेली. मग गोठ्यातून तिची हाक आली. "वश्या! आदी हिकडं ये. लते, गो, तू पन ये."

चांदी चारही पाय फाकून उभी होती. मान पुढे ताणलेली, तोंडातून लाळेची तार जमिनीला टेकलेली. मागचा पाय उचलून पोटावर मारत होती, बसायला जात होती आणि बसवत नसल्यासारखी पुन्हा उठत होती. आणि तिची डावी कूस. शेवटच्या बरगडीच्या मागे, खुब्याच्या हाडाच्या पुढे गाईच्या अंगाला एक खळगा असतो. तो खळगा भरून वर आला होता, इतका की पाठीच्या कण्याच्याही वर डावीकडे उंचवटा दिसत होता. उजवीकडून बघितलं तर गाय, डावीकडून बघितलं तर कुणीतरी कातड्यात कोंबून ठेवलेलं पिंप. आईने त्यावर टिचकी मारली. ढोलकीच्या पानासारखा आवाज आला. "फुगली," आई म्हणाली, आणि सगळ्यात आधी तिने चांदीच्या गळ्यातलं दावं सोडलं. मला वाटलं उपचारासाठी. नंतर कळलं, दाव्याला बांधलेली गाय मेली तर मालकावर पाप. आईला त्या घटकेला दोन्ही दिसत होतं, गाय वाचवायचीही होती आणि ती गेली तर काय, तेही.

पुढे मी हे जाणकारांना विचारून घेतलं आहे, आणि ज्यांच्या दारात गाय आहे त्यांना प्रत्येक पितृपंधरवड्यात सांगत आलो आहे. शिजलेला भात, वडे, गोड, हे गाईच्या पोटासाठी नाहीच. ते आत आंबतं, गॅस धरतो, आणि जनावराला ढेकर देता येईनाशी होते. फुगलेलं पोट फुप्फुसांना वर ढकलतं. जनावर पोटाने मरत नाही, गुदमरून मरतं. रवंथ थांबणं ही पहिली खूण. मग डावी कूस. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, जीभ बाहेर आली, की वेळ फार थोडा. मला हे आज सांगता येतं. तेव्हा मी दारात रुमाल धरून उभा होतो.

लता सायकल घेऊन गुरांच्या दवाखान्याकडे पळाली. आईने चांदीचे पुढचे पाय उंबऱ्यापुढच्या चौथऱ्यावर चढवले, म्हणजे पोटाचा भार मागे जाईल. कडुनिंबाची जाड फांदी आणून ती लगामासारखी तोंडात आडवी घातली आणि दोरी शिंगांमागे बांधली, म्हणजे गाय काठी चावत राहील, तोंड उघडं राहील, ढेकर येईल. मग गोड्या तेलात खायचा सोडा कालवला, बांबूच्या नळीत भरला. "जबडा धर," ती म्हणाली.

"आई, मी..."

"धर म्हनते ना. मान फार वर नको, तेल फुप्फुसात जाईल. गालात हात घाल. रुमाल टाक तो."

मी हात घातला. गालाच्या आतली बाजू काटेरी असते हे मला माहीत नव्हतं. मऊ, गरम, बुळबुळीत काटे. जीभ माझ्या बोटांभोवती वळवळत होती, दातांच्या कडेला सकाळचा वडा अडकलेला होता. आईने तेल ओतलं. अर्धं माझ्या बाहीत शिरलं. आणि चांदीने ढेकर दिली, माझ्या तोंडावर, हातभर अंतरावरून. आंबलेला भात, गूळ, वेलची, आणि त्याखाली गटाराचा वास. खिरीतली वेलची त्यात स्पष्ट ओळखू येत होती, तेच सगळ्यात वाईट होतं.

कुंपणापाशी माणसं जमली. ज्या बायकांनी पानं आणली होती त्या सगळ्या होत्या, पण आता प्रत्येकीचं पान लहान झालं होतं. "आमच्या पानात बाई भात एवढासाच होता." "आमचा तर तिने नुसता वडा खाल्ला." "खिरीनं कधी फुगतं का? भजीनं फुगली असंल." एक म्हातारबाबा बिडी ओढत म्हणाले, "टर्पेंटाईन पाजा. हमरापूरला मेव्हण्याचा गणपतीचा कारखाना हाय, तिथल्या रंगातलं पाजलं होतं बैलाला."

"वाचला का बैल?"

"वाचला की. पन पुढं महिनाभर त्याच्याजवळ काडी वडायची चोरी."

कुणीतरी हसलं. आई चांदीची कूस तळहाताने मागून पुढे चोळत होती, तिने मान वर केली नाही. एक ढेकर येऊन गेली होती, पण उंचवटा उतरला नव्हता. वाढतच होता. चांदीचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसत होते. मग तिचे पुढचे गुडघे मोडले आणि ती चौथऱ्यावर तोंड आपटून बसली. आई तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं. "अवो, आता नका जाऊ," असं ती म्हणाली.

डॉक्टर स्कूटरवरून आले, मागे लता. देशावरचा तरुण माणूस, दाढी वाढलेली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. "अमावास्या म्हटलं की माझा सणच," ते उतरता उतरता म्हणाले. "जेवायचं पितरांनी, फुगायचं गाईनं आणि पळायचं मी. बिडी विझवा आधी! ह्या पोटातला गॅस पेटतो, गोठ्यासकट जाल." बाबांनी बिडी पायाखाली घातली. डॉक्टरांनी आधी तोंडातून रबरी नळी घालून बघितली. आतून भाताचा लगदा नळीत येऊन अडकला. त्यांनी नळी काढून झटकली, लगदा भिंतीवर उडाला. मग चांदीच्या श्वासाकडे एकदा बघितलं आणि पेटीतून एक टोच्या काढला, अंगठ्याएवढा जाड, त्यावर नळीचं म्यान. कुशीवरचे केस कापले, आयोडीन ओतलं, बोटांनी बरगडी आणि खुबा चाचपून मधली जागा धरली आणि मुठीने आत मारला. कातडं फाटल्याचा आवाज जाड कापड फाडल्यासारखा आला. टोच्या बाहेर ओढला, नळी आत राहिली. फुस्स.

"ए, तू. हिकडं ये," डॉक्टर मला म्हणाले. "नळीवर अंगठा ठेव. एकदम सोडायचं नाही, चक्कर येऊन पडंल. थोडं सोड, धर. थोडं सोड, धर. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

मी चांदीच्या पोटाला टेकून गुडघ्यांवर बसलो आणि अंगठा ठेवला. असा वास मी पुन्हा कुठेही घेतला नाही, आणि मी रोह्याला आयुष्य काढलं आहे. अंगठा उचलला की गरम वारा तोंडावर यायचा, त्याच्याबरोबर फेस, फेसात शितं, अळूचा हिरवा चोथा, एकदा तर अख्खा वालाचा दाणा. ते माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि कोमट होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण अंगठ्याखाली काहीतरी उतरत होतं, हेही कळत होतं. फुग्यासारखं ताणलेलं कातडं हळूहळू सैल पडत होतं. चांदीने एक खोल श्वास घेतला आणि तिच्या बरगड्या माझ्या गालावर हलल्या. आई समोर, तिच्या डोक्याशी बसली होती. लुगडं तेलाने, लाळेने माखलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट. "उतरतंय," ती म्हणाली. "वश्या, उतरतंय रं."

तेवढ्यात दामूशेठ आले. कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान होतं. मवाळ माणूस, कुणाला वर आवाज करून बोलला नसेल. हातात केळीचं पान, वर दुसरं पान झाकलेलं. त्यांच्याकडे भटजी सगळ्या घरांचं उरकून शेवटी गेले होते, म्हणून एवढा उशीर. गर्दी बघून ते थबकले, मग वाट काढत आत आले.

"वहिनी, काय झालं हिला? अरे अरे." ते उभे राहिले. मग पान किंचित पुढे केलं. "एक घास तेवढा लावू का?"

डॉक्टर म्हणाले, "शेठ, दिसत नाही का? पोटाला भोक पाडलंय. दोन दिवस काही नाही."

"नाही, बरोबर आहे, बरोबर आहे. पण नुसता ओठाला. वडलांचं आहे हो. कावळा शिवला, गाईचंच राहिलंय. आई घरात उपाशी बसलीय, पाणीसुद्धा घेत नाही. ऐंशीच्या पुढची बाई. मी तिला काय सांगू?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"दुसरी गाय बघा."

"बाजारातून जाऊन आलो. आहेत त्या कागद खातात, अन्नाकडे बघेनात. फुगल्यात त्यापण." आणि ते बोलता बोलता खाली वाकले, पानावरून भात-खिरीचा एक गोळा उचलला आणि चांदीच्या तोंडात अडकवलेल्या काठीच्या कडेने आत सारायला लागले. हळूच, प्रेमाने. "घे माय. एवढा घे. घे." चांदीचं तोंड उघडंच होतं. फेस त्यांच्या बोटांवर आला.

आईने त्यांचं मनगट धरलं. मला वाटलं आता ती ओरडणार. आळीने तिला कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्या हातातला घास काढून घेतला. मग दुसऱ्या हाताने पान ओढून मांडीवर घेतलं. आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

ती जेवायला लागली. बोटांना लागलेली लाळ आणि तेल भातात मिसळत होतं, ती तसंच कालवून खात होती. वडा मोडला, खिरीत बुडवला, खाल्ला. अळूची भाजी चाटली. भराभर नाही. व्यवस्थित, एकेक घास, गाईच्या डोक्याला टेकून. हनुवटीवरून खीर ओघळली ती तिने हाताच्या पाठीने पुसली आणि हाताच्या पाठीवर चांदीच्या तोंडातला फेस होता. कुंपणापाशी एक बाई "अगं बाई" म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. दुसऱ्याच्या पितरांचं, गाईच्या नावाने काढलेलं पान, आणि ते खाणारी एक विधवा बाई. मी अंगठा उचलला, धरला, उचलला. मला तिथून उठता येत नव्हतं, तोंडही फिरवता येत नव्हतं, माझ्या समोर हातभरावर ते चाललं होतं. मी मान खाली घालून ओकलो, स्वतःच्या मांडीवर. अंगठा हलू दिला नाही, एवढंच.

आईने पान पुसून रिकामं केलं. घडी घालून दामूशेठांच्या हातात दिलं.

"पोचला हो," ती म्हणाली. "चाटून घेतला. आता जा, म्हातारीला जेवू घाला."

दामूशेठांनी वाकून आईला नमस्कार केला. चांदीला नाही, आईला. आणि गेले. त्यांच्या मागे बायकाही पांगल्या. डॉक्टर माझ्याजवळ बसून नळी बघत होते. मग म्हणाले, "सोड आता. झालं."

चांदी वाचली. कुशीची जखम भरायला वेळ लागला, दूध आटलं, पण तिसऱ्या दिवशी फळ्यांपलीकडून खर्र खर्र सुरू झालं आणि आईने चुलीपुढे बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. पुढच्या वर्षी अमावास्येला आळीतल्या बायका आल्या, पण हातात हिरव्या गवताची पेंडी आणि वर गुळाचा खडा. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला माहीत नाही. आईचा मान काही कमी झाला नाही. उलट दामूशेठांची आई म्हणे मरेपर्यंत सांगायची, माझ्या नवऱ्याला त्या वर्षी खऱ्या माणसानं जेवू घातलं.

हे सगळं मी अभिमानाने सांगावं असंच आहे, आणि लोकांना मी तसंच सांगतो. जे सांगत नाही ते असं, की त्या संध्याकाळी आई न्हाऊन आली, भाकऱ्या भाजल्या, आणि पहिली भाकरी माझ्या ताटात ठेवायला हात पुढे केला तेव्हा मी ताट मागे ओढलं. मुद्दाम नाही. हात आपोआप गेला. तिने बघितलं. मी म्हणालो, भूक नाही. दुसऱ्या दिवशीही भूक नव्हती. मी रोह्याला कॅन्टीनमध्ये खायचो आणि घरी येऊन पाणी पिऊन झोपायचो. ती दोनदा अंघोळ करायला लागली, चिंचेने हात घासायची, लिंबाने घासायची. मला ते दिसायचं आणि तरी घास तोंडाशी नेला की तो फेस आठवायचा. तिने एका जिवासाठी आणि एका म्हातारीच्या भुकेसाठी जे केलं, तेवढं मोठं काही मी उभ्या जन्मात कुणाला करताना पाहिलं नाही, आणि मला तिचा हात नको होता.

मग एके दिवशी मी जेवायला बसलो तर तिने चिमट्याने भाकरी उचलून माझ्या ताटात ठेवली. लताच्या ताटात हाताने, माझ्या ताटात चिमट्याने. भात पळीने, मीठ चमच्याने. मी जेवलो. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. महिने गेले, वर्षं गेली, किळस कधीच गेली होती, पण आता हाताने वाढ असं तिला म्हणायला माझी जीभ उचलली नाही, आणि तिने आपण होऊन पुन्हा हात लावला नाही. लग्नानंतर मी रोह्याला राहायला गेलो. सणाला घरी यायचो तेव्हाही तसंच. एकदा चिमटा सापडेना. तव्यावर भाकरी टम्म फुगलेली, कडेने करपायला लागली, धूर निघाला. मी पाटावर, ती चुलीपुढे. मी वाट बघत होतो. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घे बाबा, तुजी तू."

मी उठून घेतली.